वाचकांचे प्रश्न : शिडीवरून पडलेल्या कामगाराचा हक्क

बांधकामावरच्या अपघातांविषयी या वेळी तीन पत्रे निवडली आहेत. तिन्ही येडशी परिसरातली आहेत. सोलापूर-छत्रपती संभाजीनगर महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता येडशीत मिळतात. अशा गावात गाळे, लॉज, घरांवरचे मजले यांची कामे सतत चालू असतात. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले गावातले आणि आसपासच्या वस्त्यांवरचे असतात, आणि त्यांच्यातले बरेच जण पुण्याकडेही जातात. पत्रे पाठवणाऱ्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न १ : गुत्तेदार बाँडवर सही मागतो. करावी का?

माझे पती गवंडी आहेत, वय ३५. येडशीत महामार्गाकडेला गाळ्यांच्या दोन मजली इमारतीवर ते गिलाव्याचे काम करत होते. हजेरी रोज ८०० रुपये. मे २०२५ मध्ये दुपारी जेवायला खाली उतरताना बांबूच्या शिडीची पायरी निसटली आणि ते बारा-तेरा फुटांवरून पडले. दोन्ही टाचा मोडल्या, कमरेचा एक मणका दबला. ऑपरेशन झाले. गुत्तेदाराने दवाखान्याचे बिल भरले. डॉक्टरांनी ४० टक्के अपंगत्व सांगितले आहे. आता ते कुबडीशिवाय चालतात, पण शिडी चढता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. गुत्तेदार म्हणतो, "शिडी हलते हे त्याला माहीत होते, अपघात जेवणाच्या सुट्टीत झाला, आणि मी दीड लाख खर्च केले. आता पाचशेच्या बाँडवर सही द्या की काही देणे-घेणे राहिले नाही." गाळे बांधून विकणारा मालक म्हणतो, "तुमचे तुम्ही गुत्तेदाराशी बघा." आम्ही काय करावे?
— एक भगिनी, येडशी

उत्तर : ताई, बाँडवर सही करू नका. दबावाखाली सही झाली, तरीही तुमच्या पतींचा हक्क बुडत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ याच्या कलम १७ प्रमाणे कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा किंवा ती कमी घेण्याचा करार रद्दबातल असतो. तडजोड करायचीच असेल, तर तिचा मसुदा मालकाने नुकसानभरपाई आयुक्तांकडे पाठवून नोंदवून घ्यावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. गावात चार माणसांसमोर झालेल्या कागदाला ती किंमत नाही.

आता गुत्तेदाराचे तीन मुद्दे एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा, शिडी हलते हे माहीत होते. या कायद्यात भरपाई मागण्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि कामगाराच्या साध्या निष्काळजीपणामुळे हक्कही जात नाही. हक्क जाण्याची कारणे मोजकी आहेत : कामगार अपघाताच्या वेळी दारू किंवा नशेच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी घालून दिलेला स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडणे, किंवा दिलेले सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकणे. कामगार मृत्यू पावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ही कारणेही मालकाच्या कामी येत नाहीत. तुमच्या पतींना ती शिडी गुत्तेदारानेच दिली होती. तिची पायरी निसटली यात त्यांचा कोणताही गुन्हा नाही.

दुसरा मुद्दा, जेवणाची सुट्टी. कायदा विचारतो की अपघात नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे घडला का. कामाच्या जागेवर, कामाच्याच शिडीवरून उतरताना झालेला अपघात त्यात बसतो. न्यायालयांनी या ओघाचा अर्थ जागेच्या आणि वेळेच्या पुढेही नेला आहे. तुमच्याच जिल्ह्यातले एक प्रकरण सांगतो. साखर कारखान्याचा एक राखणदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि २२ एप्रिल २००३ रोजी कामाच्या ठिकाणापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) नुकसानभरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कुटुंब मागे हटले नाही. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि आयुक्तांचा आदेश कायम केला. अपघाताची वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल, तर कामावर जाता-येताना झालेला अपघातही नोकरीच्या ओघातला धरता येतो, असे न्यायालयाने म्हटले. पाच किलोमीटरवरचा रस्ता जिथे कामाच्या ओघात धरला गेला, तिथे तुमच्या पतींचा पाय तर गुत्तेदाराच्या शिडीवरच होता.

तिसरा मुद्दा, दवाखान्याचे बिल. २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्च ही मालकाची वेगळी जबाबदारी ठरवली आहे. उपचारासाठी दिलेला पैसा नुकसानभरपाईतून वजा करता येत नाही, हेही कलम ४ मध्ये स्पष्ट आहे. माणसाचे हाड दुरुस्त करण्याचा खर्च एक, आणि त्या माणसाची गेलेली कमाई दुसरी. दीड लाख भरून गुत्तेदाराने पहिली जबाबदारी पार पाडली. दुसरीला अजून हातही लावलेला नाही.

*दुखापत नीट समजून घ्या*

शिडीवरून पडणारा माणूस बहुधा पायांवर आदळतो. तो सगळा भार टाच, घोटा, गुडघा, खुबा असा वर चढत कमरेच्या मणक्यांपर्यंत जातो. म्हणून टाचेचे हाड मोडलेल्या माणसाच्या मणक्याचाही एक्स-रे काढायचा असतो. तुमच्या पतींच्या बाबतीत दोन्ही दुखापती सापडल्या. पुष्कळांच्या बाबतीत टाचेला प्लास्टर बसते आणि मणक्याचे दुखणे "मुका मार" म्हणून तसेच राहते. पडताना हात टेकला तर मनगट मोडते. शिडी आडवी घसरली तर खांदा, बरगड्या, खुबा यांना लागते. डोक्याचा मार सर्वांत धोक्याचा, कारण माणूस उठून बसतो, बोलतो आणि काही तासांनी ग्लानीत जातो. डोके आपटले असेल आणि नंतर उलटी, वाढती डोकेदुखी किंवा झोप अनावर होणे दिसले, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

हे कायद्याच्या सदरात सांगण्याचे कारण आहे. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात काही दुखापतींची टक्केवारी आधीच ठरवलेली आहे : हात तुटणे, बोट जाणे, डोळा जाणे वगैरे. मोडलेली टाच किंवा दबलेला मणका त्या यादीत नाही. अशा दुखापतीत कमाईची क्षमता किती टक्के गेली, हे पात्र डॉक्टरांनी तपासून सांगायचे असते. इथे फार जण फसतात. "४० टक्के अपंगत्व" हा वैद्यकीय आकडा झाला. तो एका पायापुरता आहे की पूर्ण शरीराचा, हे प्रमाणपत्रात वाचून घ्या. आयुक्तांपुढे प्रश्न वेगळा असतो : हा माणूस जे काम करून जगत होता, ते काम त्याला आता किती करता येईल?

सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने ४ डिसेंबर १९७५ रोजी दिलेला निकाल इथे आधाराला येतो. एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार ६ जुलै १९६८ रोजी पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून काढावा लागला. मालक म्हणाला, हे अंशतः अपंगत्व आहे. न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के धरणेच योग्य. त्याच निकालात हेही ठरले की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, आयुक्तांच्या आदेशाच्या दिवसापासून नव्हे. गिलावा करणाऱ्या गवंड्याला शिडी चढता येत नसेल, परांचीवर उभे राहता येत नसेल, उकिडवे बसता येत नसेल, तर त्याचे नुकसान ४० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ही कामे नावानिशी लिहून घ्या.

*हिशोब*

भरपाईसाठी महिन्याची जास्तीत जास्त मजुरी १५,००० रुपये धरतात (३ जानेवारी २०२० ची अधिसूचना). ८०० रुपये हजेरीने तुमच्या पतींची कमाई त्याहून जास्त होती, म्हणून हिशोब १५,००० वर होईल. ३५ वर्षे वयाचा गुणांक १९७.०६ आहे.

कायमचे पूर्ण अपंगत्व : १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले १९७.०६, म्हणजे १७,७३,५४० रुपये.

कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे ठरले तर : या रकमेचे ४० टक्के, म्हणजे ७,०९,४१६ रुपये.

उपचार आणि विश्रांतीचा जो काळ हजेरीविना गेला, त्याचा वेगळा हक्क आहे. दर पंधरवड्याला मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे ३,७५० रुपये, महिन्याला ७,५०० रुपये.

देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत, तर वर्षाला किमान १२ टक्के साधे व्याज लागते. ७,०९,४१६ वर ते वर्षाला सुमारे ८५,१३० रुपये होते. उशिराला पटण्यासारखे कारण नसेल, तर आयुक्त मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही लावू शकतात.

हे आकडे गुत्तेदाराच्या दीड लाखाशेजारी ठेवून पाहा. मग बाँडवरच्या सहीची घाई कशासाठी आहे, ते लक्षात येईल.

*मालकाची जबाबदारी*

गाळे बांधून विकणे हा त्या मालकाचा व्यवसाय आहे. आपल्या व्यवसायाचे काम गुत्तेदाराकडून करून घेणारा मुख्य मालक कलम १२ प्रमाणे गुत्तेदाराच्या कामगाराला थेट जबाबदार असतो. नंतर त्याने ती रक्कम गुत्तेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा व्यवहार. म्हणून आयुक्तांकडच्या अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. कोणाचा विमा असेल, तर विमा कंपनीलाही.

*आता करायचे ते*

दवाखान्यातून संपूर्ण केस पेपर, एक्स-रे, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्डाच्या नकला काढा. भरती करताना अपघाताचे कारण काय लिहिले आहे ते आधी पाहा. गुत्तेदाराच्या माणसाने घाईत "घरी घसरून पडला" किंवा "गाडीवरून पडला" असे सांगितलेले असते आणि तेच पुढे आडवे येते. तसे असेल तर सोबतच्या गवंड्या-बिगाऱ्यांची शपथपत्रे, त्या दिवशीचे फोन, शिडीचे फोटो, पोलिसांकडची नोंद यांवर भर द्यावा लागेल. हजेरीची वही गुत्तेदाराकडे असते, पण फोनपेवर आलेली मजुरी आणि उचल तुमच्या खात्यात दिसते. ती छापून घ्या.

गुत्तेदार आणि मालक दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने लेखी नोटीस द्या. अपघाताची माहिती मालकाला होती हे दिसत असेल, तर नोटिशीतल्या उणिवेने दावा फेटाळला जात नाही. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. तोपर्यंत थांबू नका. साक्षीदार मजूर असतात, एका साइटवरून दुसरीकडे जातात.

वकिलाची फी परवडत नसेल, तर धाराशिवच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

पतींची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे असेल, तर तिथेही चौकशी करा. मंडळाची अपंगत्वाची दोन लाखांची मदत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कायमच्या अपंगत्वाला असते, म्हणून ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर ती मिळणार नाही. मंडळाच्या इतर योजना, मुलांच्या शिक्षणासाठीची मदत धरून, नोंदणी चालू असलेल्या कामगाराला खुल्या असतात. मंडळाकडून काही मिळाले, तरी गुत्तेदाराची जबाबदारी कमी होत नाही.

प्रश्न २ : माझ्या घराच्या कामावर कोणी पडले तर?

मी निवृत्त शिक्षक आहे. येडशीत राहत्या घरावर पहिला मजला चढवतो आहे. काही काम मिस्त्रीला अंगावर दिले आहे, काही मजूर मी रोजाने लावतो. परवा एक बिगारी शिडीवरून घसरला, सुदैवाने खरचटण्यावर भागले. मोठा अपघात झाला असता तर जबाबदारी कोणाची?
— एक वाचक, येडशी

उत्तर : गुरुजी, मोठ्या अपघाताआधी हा प्रश्न विचारलात, फार बरे केलेत.

जे मजूर तुम्ही स्वतः रोजाने लावता, त्यांचे मालक तुम्हीच. काम दोन दिवसांचे होते, तो कायमचा माणूस नव्हता, ही सबब पूर्वी चालत असे. २००० च्या दुरुस्तीने ती गेली. एकापेक्षा जास्त मजल्यांच्या किंवा जमिनीपासून छपरापर्यंत बारा फूट वा त्याहून उंच इमारतीच्या बांधकामावरचा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात येतो, आणि तुमचे काम पहिल्या मजल्याचे आहे.

जे काम मिस्त्रीने अंगावर घेतले आहे, तिथल्या मजुरांचा मालक मिस्त्री. घर बांधणे हा तुमचा धंदा नसल्यामुळे आधीच्या उत्तरातली मुख्य मालकाची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण कोणता मजूर कोणाचा, हे कागदावर नसेल, तर अपघातानंतर सगळेच एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून मिस्त्रीशी साधा लेखी करार करा. कोणते काम, किती दर, मजूर कोणाचे, विमा कोणाचा, एवढे त्यात असू द्या. विमा कंपन्या ठरावीक कामापुरती कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी देतात. मिस्त्रीने ती काढावी आणि हप्ता तुम्ही दरात धरावा, हा सरळ मार्ग आहे. तुम्ही स्वतः लावलेल्या मजुरांची पॉलिसी तुमच्या नावाने निघेल.

बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का कल्याण उपकरातून स्वतःच्या राहत्या घरांना सूट आहे. तिची मर्यादा पूर्वी दहा लाख रुपये खर्चापर्यंत होती, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत (तिच्याविषयी शेवटी सांगितले आहे) ती पन्नास लाख झाली. ही सूट उपकरापुरती आहे. जखमी मजुराची भरपाई तिने टळत नाही.

आणि शिडी. भारतीय मानक ३६९६ चा दुसरा भाग खास शिड्यांच्या सुरक्षित वापरासाठी आहे. तुमच्या घरी पाळता येईल एवढे सांगतो. शिडीच्या दर चार फूट उंचीमागे पाया भिंतीपासून एक फूट दूर. ज्या स्लॅबवर उतरायचे, त्याच्या वर शिडी किमान तीन फूट निघालेली हवी, म्हणजे उतरताना धरायला आधार राहतो. वरचे टोक बांधलेले, खालचा पाया पक्क्या जमिनीवर. वाळू, विटांचे तुकडे किंवा ओल्या फरशीवर शिडी टेकू देऊ नका. सुतळीने आवळलेली पायरी दिसली, तर ती शिडी त्याच दिवशी मोडून टाका. डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्याचा एक हात त्या ओझ्यात अडकतो, म्हणून माल दोरी-कप्पीने वर घ्या. बराच वेळ काम एकाच उंचीवर असेल, तर शिडीऐवजी परांची बांधायला लावा. हा सगळा खर्च एका मोडलेल्या टाचेच्या उपचारापुढे काहीच नाही, आणि तुमच्या दारात राबणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जाणे ही घरमालकाचीही जबाबदारी आहे.

प्रश्न ३ : अपघात पुण्यात, मी येडशीत. दावा कुठे करू?

मी पुण्यात एका मोठ्या गृहप्रकल्पावर गुत्तेदाराकडे पेंटिंगचे काम करत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये शिडीवरून पडून उजवे मनगट मोडले. हाड वाकडे जुळले, मूठ वळत नाही. महिन्याभरात गुत्तेदाराने हात वर केले आणि मी गावी आलो. पुण्याला तारखांना जाण्याइतके पैसे नाहीत.
— एक तरुण, येडशी परिसर

उत्तर : तुम्हाला पुण्याला जाण्याची गरज नाही. १९९५ च्या दुरुस्तीनंतर कलम २१ प्रमाणे दावा तीन ठिकाणी करता येतो : जिथे अपघात झाला तिथे, जिथे कामगार राहतो तिथे, किंवा जिथे मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. तुम्ही राहता येडशीत, म्हणून धाराशिवला अर्ज करू शकता. अपघात ज्यांच्या हद्दीत झाला, त्या आयुक्तांना धाराशिवचे आयुक्त कळवतात. राहण्याचा पुरावा म्हणून आधार कार्ड, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला जोडा.

सामनेवाले म्हणून गुत्तेदाराबरोबर प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीलाही घाला. अपघात तिच्या ताब्यातल्या जागेत झाला आहे आणि बांधकाम हाच तिचा व्यवसाय आहे. गेटवरचा पास, प्रवेशाची नोंद, सुरक्षा प्रशिक्षणाचा कागद, साइटवरचा तुमचा फोटो यातले जे असेल ते सांभाळा.

वाकडे जुळलेले मनगट ही किरकोळ गोष्ट नाही. उजव्या हाताने ब्रश धरणाऱ्याची मूठ वळत नसेल, तर त्याच्या कामावर थेट परिणाम होतो. अस्थिरोगतज्ज्ञांकडून मनगट किती वळते, पकड किती उरली, याचे मोजमाप लिहून घ्या. पुन्हा ऑपरेशनने फरक पडेल का हेही विचारा, कारण तुमचे वय पाहता हात सुधारणे पैशाहून मोलाचे आहे.

सर्वांसाठी : २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून नुकसानभरपाईचे प्रकरण आता तिच्यात आहे. त्याआधीच्या अपघातांना, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पत्रातल्या अपघातांना, १९२३ चाच कायदा लागतो. त्यानंतरच्या अपघातांसाठीही पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या ६० टक्क्यांचा आणि मृत्यूला ५० टक्क्यांचा पाया तोच आहे. घर ते काम या प्रवासातला अपघात, नोकरीशी संबंध दिसत असेल तर, आता संहितेतच समाविष्ट झाला आहे. कामगार मृत्यू पावला असेल, तर भरपाईची रक्कम आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. कुटुंबाच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

साइटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एक काम आजच करावे. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला गुत्तेदार देत नसेल, तर ग्रामसेवकाकडून मिळू शकतो. नोंदणी चालू असताना कामावरच्या अपघातात मृत्यू झाला, तर वारसांना मंडळाकडून पाच लाख रुपये मिळतात. नूतनीकरण चुकवू नका. आणि सोबतचा कोणी पडला, तर त्याला दवाखान्यात नेणाऱ्याने डॉक्टरांना खरे कारण सांगावे : अमुक साइटवर, अमक्या गुत्तेदाराच्या कामावर, शिडीवरून पडला. केस पेपरवरच्या त्या एका ओळीवर एका घराची पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात.